ओटीपी आला का?

आमच्या सांगलीत कर सल्लागारांचं एक स्टडी सर्कल आहे. महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी भरतं. परवा तिथे नव्या आयकर कायद्यावर व्याख्यान ठेवलं होतं. पुण्याहून आलेले वक्ते पडद्यावर स्लाइडी सरकवत सांगत होते, की 1961 चा कायदा गेला, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा लागू झाला, त्यात 536 कलमं आहेत आणि ‘असेसमेंट इयर’ नावाची भानगड जाऊन आता नुसतं ‘टॅक्स इयर’ राहिलंय. पुढच्या दोन रांगांतली नवी पोरं सगळं वहीत उतरवून घेत होती. मागे आम्ही जुनी खोडं बसलो होतो आणि आमची चर्चा त्याहून महत्त्वाच्या विषयावर आली होती.

“दुपारी एक ते चार फोनच उचलत नाहीत हो,” मिरजेच्या मॅडम म्हणाल्या.

“मग साडेचारला करायचा.”

“साडेचारला ते फिरायला जातात. मोबाईल घरी, चार्जिंगला.”

“मग सुनेला विचारायचा ओटीपी.”

“सुनेला लॉक उघडता येत नाही. सासऱ्यांनी पॅटर्न ठेवलाय.”

“मग?”

“मग काय? सासरे येतात, पॅटर्न विसरलेला असतो, तो आठवायला नातू क्लासहून यावा लागतो.”

वक्त्यांचं लक्ष गेलं. “मागे काही शंका आहे का?” आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते उभे राहिले. “साहेब, या 536 मध्ये क्लायंटनं फोन उचलावा असं एखादं कलम घातलंय का?”

हॉल हसला. वक्तेही हसले, पण जरा कळवळून. प्रॅक्टिस त्यांनाही आहे.

लोकांना वाटतं, कर सल्लागार म्हणजे कलमं पाठ असलेला माणूस. लग्नाच्या पंगतीत जिलेबी तोंडाशी नेलेली असताना शेजारचे पाहुणे विचारतात, “आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणे. म्हणजे रिटर्न भरायची कटकट गेली ना?” टॅक्स न लागणं वेगळं आणि रिटर्न न भरणं वेगळं, हे मी सांगेपर्यंत मठ्ठा पुढे गेलेला असतो. पण खरं सांगायचं तर कलमांचं काही अवघड नसतं. ती पुस्तकात असतात, लागली की उघडून बघता येतात. क्लायंटच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली असलेलं पोस्टाचं पासबुक कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यामुळे आमच्या स्टडी सर्कलमधलं खरं ज्ञान व्याख्यान संपल्यावर, वडा-चहाच्या वेळी वाटलं जातं.

अण्णांचा पहिला सल्ला असा, की पोर्टलवर मोबाईल नंबर क्लायंटचाच टाकायचा, आपला कधीही नाही. सुरुवातीला आपला टाकलेला बरा वाटतो. ओटीपी थेट आपल्याकडे, कुणाच्या विनवण्या नकोत. पुढे तो क्लायंट पन्नास रुपये कमी घेणाऱ्या दुसऱ्या सल्लागाराकडे जातो आणि ओटीपी मात्र आपल्याकडेच इमानानं येत राहतो. मग जुलैत रात्री अकराला त्या दुसऱ्या सल्लागाराचा फोन. “ओटीपी आला का हो?” आपला पळवलेला क्लायंट, त्याची पळवलेली फी, आणि त्याचा ओटीपी आपणच अंथरुणात बसून वाचून दाखवायचा. एवढा मोठेपणा संतांनाही झेपला नसता.

आता नंबर क्लायंटचाच टाकला तर काय होतं तेही सांगतो. आधारचा ओटीपी पंधरा मिनिटं चालतो. पंधरा मिनिटं भरपूर झाली असं ज्यानं ठरवलं, त्यानं गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला कधी फोन केलेला नसणार.

“काका, एक ओटीपी आला असेल बघा.”

“नमस्कार, नमस्कार! पाऊस हाय का वो तिकडं?”

“काका, मी तुमच्या मागच्या गल्लीत आहे. ओटीपी आला का?”

“थांबा, चष्मा घेतो.” चष्मा घ्यायला काका आतल्या खोलीत जातात. फोन गल्ल्यावर. मला पुढची काही मिनिटं हळदीचा आजचा भाव फुकट ऐकायला मिळतो. “हां, बोला. आलाय. घ्या लिहून. आठ, चार, दोन, सात.”

“सहा आकडी असतो काका.”

“मग ह्यो कुठला?”

“सिलिंडरचा असेल.”

“आयला! म्हंजी सिलिंडर आला वाटतं घरी.” मग काका घरी फोन करून सिलिंडरचा बंदोबस्त करतात. ते गरजेचंच असतं. शेवटी चौदाव्या मिनिटाला ते परत येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “पण साहेब, ब्यांकवाले सांगत्यात ओटीपी कुणालाबी सांगू नका. तुम्हाला सांगितल्यालं चालतंय न्हवं?”

कागदपत्रांचं प्रकरण याहून जुनं आहे. सांगलीत कागद न सापडण्याचं एक सर्वमान्य कारण आहे. ते म्हणजे पूर. 2005 ला आला, 2019 ला आला, 2021 ला आला. त्या पुरांनी गावाचं जे नुकसान केलं त्यात थट्टेसारखं काही नाही. कित्येक दुकानांच्या वह्या खरोखरच कृष्णेनं नेल्या. पण तेव्हापासून जो कागद सापडत नाही, तो कृष्णेच्या खात्यावर टाकायची पद्धत पडली.

“घरकर्जाचं व्याजाचं सर्टिफिकेट?”

“पुरात गेलं की वो सगळं.”

“पूर 2019 चा. हे 2024 चं सर्टिफिकेट आहे.”

“त्याच कपाटात ठेवत होतो न्हवं.”

“पण तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता.”

यावर ते माझ्याकडे असं बघतात, की पूरग्रस्ताला असं विचारणाऱ्या माणसाला काळीज म्हणून आहे की नाही.

जे कागद येतात तेही आपापला धंदा अंगावर घेऊनच येतात. हळदवाल्याची फाइल पिवळी. तासगावच्या बेदाणावाल्याची बिलं एकमेकांना चिकटलेली. ती सोडवताना जीएसटीचा आकडा एका पानावरून दुसऱ्यावर जातो. नोकरदारांची तऱ्हा वेगळी. ते कागद हातातच घेत नाहीत, फोटो पाठवतात. फॉर्म 16 चा फोटो, त्यावर पंख्याची सावली, कोपऱ्यात अंगठा, आणि तिसरं पान गायब कारण त्याच्यावर पोहे सांडले होते. बँकेचं स्टेटमेंट एप्रिल ते मार्च मागितलं, तर जानेवारी ते डिसेंबर आणतात, कारण “वर्ष म्हणजे वर्षच की”. गेल्या हंगामात एका तरुण इंजिनिअरनं कमाल केली. फॉर्म 16 व्हॉट्सअॅपवर ‘एकदाच बघता येईल’ असा पाठवला. मी उघडला, डोळे भरून पाहिला, आणि तो गेला. पुन्हा मागितला तर म्हणाला, “सर, प्रायव्हसी.” पगाराचा आकडा मी लक्षात ठेवून टाइप करावा अशी त्याची अपेक्षा होती.

यावर मॅडमनी एक छापील यादी केली आहे. काय आणायचं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, पीडीएफ हवी, फोटो चालणार नाही. ही यादी त्या एप्रिलमध्ये सर्व क्लायंटना पाठवतात. जुलैमध्ये क्लायंट ती यादीच घडी घालून घेऊन येतात. “हे तुम्ही मागितलेलं.”

पासवर्ड हा मात्र सगळ्यांचा आवडता विषय. हल्ली कुठलाही कागद कुलूप लावल्याशिवाय येत नाही. इकडे पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख, तिकडे नुसती जन्मतारीख, बँकेचं स्टेटमेंट असेल तर नावाची पहिली चार अक्षरं आणि कशाचे तरी शेवटचे चार आकडे. पण आमच्या भागातल्या जुन्या पिढीनं आमच्यावर एक उपकार करून ठेवलाय. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून लिहिली. त्यामुळे साठीच्या पुढचा कुणीही आला की आमच्या ऑफिसातली मुलगी न विचारताच शून्य एक, शून्य सहा टाइप करते आणि फक्त सालाला मान वर करते. गुरुजींना पीडीएफची एवढी जाण कुठून आली असेल, कुणास ठाऊक.

नावांनी मात्र गुरुजींची सगळी पुण्याई घालवली. आधारवर सुशीलाबाई, पॅनवर सुशीला, बँकेत माहेरचं आडनाव. या तिघी एकच आहेत हे पोर्टल मानत नाही. आजी समोर बसलेल्या असतात, बोटाला शाई लावायला तयार असतात, आणि स्क्रीन म्हणतो नाव जुळत नाही. बाई आणि राव ही आपण ज्यांना मानाची अक्षरं म्हणतो, त्या मानापायी कित्येकांचे रिफंड अडकलेले मी पाहिले आहेत.

वजावटी मागताना मात्र माणसांची कल्पनाशक्ती फुलते. गणपती मंडळाच्या वर्गणीची पावती हटकून असते, वर मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो. 80जी साठी संस्थेची तशी नोंदणी लागते म्हटलं, तर “मग यंदा वर्गणी परत मागू का?” मुलीच्या अॅबॅकसची फी, मुलाच्या पोहण्याची फी, एकदा तर कुत्र्याच्या लसीचं बिल, 80डी मध्ये बसवा म्हणून. “घरचाच आहे हो तो.” आणि घरभाडं! भाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, ही बातमी नोकरदारांत पोलिओच्या डोसापेक्षा लवकर पोहोचली. तेव्हापासून वाकडचा फ्लॅट असो की कुपवाडची खोली, भाडं महिना 8,333 रुपये. बाराने गुणा. बऱ्याचदा घरमालक म्हणजे गावाकडचे वडील. त्यांना फोन केला तर म्हणतात, “भाडं? त्यो तर दिवाळीला येऊन माझ्याकडनंच घेऊन जातोय.”

आता एआयएसबद्दल बोललंच पाहिजे. नोव्हेंबर 2021 मध्ये ही वार्षिक माहिती सुरू झाली आणि आमच्या धंद्यातला एकांत संपला. आधी क्लायंट सांगेल ते उत्पन्न. आता व्याज, लाभांश, शेअरची विक्री, सगळं छापून येतं. खातेफोड पूर्वी तलाठी करायचा, आता पोर्टल करतं. अण्णांनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला, की नवरा-बायकोचं एआयएस एकाच दिवशी छापायचं नाही. मॅडमनी पुस्ती जोडली, छापलंच तर कागद पालथा ठेवायचा.

हा नियम का झाला याची एक गोष्ट आहे. ती माझ्या क्लायंटची नाही. मॅडमच्या आहे म्हणे, आणि मॅडम म्हणतात अण्णांच्या. एक निवृत्त हेडमास्तर पत्नीला घेऊन आले. “माझं पेन्शन, बस. हिच्या नावावर काही नाही, हाउसवाइफ आहे. नुसतं नील रिटर्न भरा, पुढेमागे उपयोगी पडतं.” एआयएस उघडलं. बाईंच्या नावावर तीन बँकांतल्या मुदत ठेवींचं व्याज, वर लाभांशाच्या ओळीच ओळी. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच होते.

“हे काय?”

“भाजीतले वाचवलेले,” बाई पंख्याकडे बघत म्हणाल्या.

“भाजीतून लाभांश येतो?”

“जुडी पंधराची म्हणून सांगायची, दहाला घ्यायची. चौतीस वर्षं.”

हेडमास्तर आता भाषण सुरू करणार, तेवढ्यात सल्लागारानं सवयीनं पुढचा कागद छापला. तो हेडमास्तरांचा होता. त्यात वर्षभरातली शेअरची खरेदी-विक्री होती, आणि तिची पानं संपता संपेनात. बाईंनी कागद सावकाश वाचला. “तुम्ही रोज सव्वानऊला वाचनालयात जाता ते हेच का?” बाजार किती वाजता उघडतो हे त्यांना पाठ होतं, हा त्यातला खरा धक्का. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हेडमास्तर म्हणाले, “चहा मागवा.” बाई म्हणाल्या, “आणि यांना विचारा, ती साखरेची कंपनी विकली का, का अजून धरून बसलेत.” असं ऐकतो, की हल्ली दोघं बरोबरच वाचनालयात जातात.

आमच्या घरी असं काही होण्याची शक्यता नाही. सौ. तिचं एआयएस मला उघडूच देत नाही. तिचं रिटर्न मिरजेच्या मॅडम भरतात. मॅडमना मी एकदा सहज विचारलं, तर त्यांनी मला क्लायंटच्या गोपनीयतेवर छोटंसं व्याख्यान दिलं.

सॉफ्टवेअरबद्दल आम्ही एकमेकांना जे सल्ले देतो ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ऐकले तर ते धंदा बदलतील. प्रत्येक ऑफिसात एक ठरावीक मशीन असतं, ज्यावर डिजिटल सहीचं डोंगल चालतं. का चालतं ते कुणाला माहीत नाही. त्यावर काही अपडेट करायचं नाही, त्याचा वॉलपेपर बदलायचा नाही, त्याची धूळसुद्धा फार पुसायची नाही. खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू त्याला. अडचण कुठलीही असो, उपाय चढत्या क्रमानं तेच: पान रिफ्रेश करा, दुसऱ्या ब्राउझरनं बघा, कॅशे उडवा, डोंगल दुसऱ्या खाचेत घाला, मशीन बंद करून चालू करा, चहा घेऊन या. शेवटच्या उपायानं सर्वांत जास्त रिटर्न गेलेली आहेत. आणि एवढं सगळं करून जेव्हा एरर येते, तेव्हा ती एका रुपयाची असते. कुठल्यातरी शेड्यूलमध्ये बेरीज 4,18,236 आणि दुसरीकडे 4,18,237. हा रुपया शोधताना संध्याकाळ जाते. खिशातला द्यायची तयारी असते, पण घेत नाहीत.

आणि मुदतीची रात्र! 2025 साली विनाऑडिटच्या लोकांची मुदत मे महिन्यातच 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर नेली होती. आता निवांत, असं सगळे म्हणाले. आयटीआर-2 आणि 3 च्या युटिलिटी जुलैत आल्या, तोवर क्लायंट ‘मुदत वाढलीय’ एवढंच वाक्य ऐकून गावाला गेले होते. सप्टेंबर उजाडला तसं पुन्हा मुदतवाढीचं वारं सुरू झालं. 30 सप्टेंबरपर्यंत मुदत वाढल्याचं पत्रक मोबाईलवर फिरलं, आयकर खात्याला ते खोटं आहे म्हणून सांगावं लागलं. आमचे क्लायंट खात्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. “साहेब, शिक्का हाय की त्याच्यावर!” 15 तारखेच्या रात्री अख्खी लाइन जागी होती. अण्णांच्या ऑफिसात पिठलं-भाकरी मागवलेली, माझ्याकडे मिसळ, मॅडमकडे उपास. मध्यरात्र होता होता बातमी आली, मुदत वाढली. किती? एक दिवस. आणि त्या एका दिवसातले पहिले अडीच तास, बारापासून अडीचपर्यंत, पोर्टल देखभालीसाठी बंद. अण्णा फोनवर म्हणाले, “सरकारला आपली काळजी आहे. झोपा म्हणतंय.”

झोपलं कुणीच नाही. रात्री अडीचला पोर्टल उघडलं आणि मी गणपती पेठेतल्या काकांना फोन केला. पहिल्या रिंगला उचलला! “बोला साहेब, ओटीपी ना? मला वाटलंच. पण एवढ्या रातीला फोन करणारा माणूस खरा कशावरनं?”

त्या 16 तारखेलाही जे आले नाहीत ते दुसऱ्या दिवशी, 17 ला सकाळी, आले. त्यांच्यात आमचे तासगावचे एक द्राक्ष बागायतदार होते. बागेचं उत्पन्न शेतीचं, पण सोबत एका शाळेत नोकरी, म्हणून रिटर्न. आंघोळ करून, टिळा लावून, हातात बेदाण्याचं पाकीट घेऊन प्रसन्न चेहऱ्यानं आत आले.

“दादा, मुदत काल संपली.”

“ठाऊक हाय की. म्हणून तर आज आलो. त्या गर्दीत तुम्हाला कशाला तरास?”

“आता पाच हजार लेट फी बसेल.”

“आसं?” त्यांनी जरा विचार केला. “आणि अजून उशीर केला तर?”

“31 डिसेंबरपर्यंत भरता येतं. फी तेवढीच. तुमचा रिफंड आहे, त्यामुळे वरचं व्याजही नाही.”

“मग आत्ताच भरा कशाला म्हणताय? दसरा होऊ द्या, दिवाळी होऊ द्या. निवांत येतो.” यात कायद्यानं बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, चपला घातल्या, आणि दारातून वळून विचारलं, “ते जाऊ दे साहेब. रिफंड कवा जमा होतोय?”